१८६६ आणि १८८१: वेस्टर्न गोष्टीतली हत्यारं काळाला धरून कशी दाखवायची?

रानवाट

नमस्कार मंडळी. एका वेस्टर्न ग्राफिक नॉव्हेलची संहिता तयार होते आहे. गोष्ट दोन काळांत घडते. पहिला भाग १८६६, मिसुरी-कॅन्सस सीमा, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. दुसरा भाग १८८१, ॲरिझोना टेरिटरी. नायक तोच, पंधरा वर्षांनी मोठा झालेला. चित्रकाराने सिनेमे पाहून दोन्ही भागांत एकच सरंजाम काढला आहे: लांब नळीचं कोल्ट, काडतुसांनी भरलेला पट्टा, मांडीला बांधलेलं होल्स्टर, खोगिराला विंचेस्टर. हे चुकतंय एवढं कळतं, नेमकं काय बदलायचं ते कळत नाही.

दोन प्रसंग अडले आहेत. १८६६ मध्ये नायक ओढ्याकाठी दगडाआड बसून, समोरून गोळ्या येत असताना, रिकामं पिस्तूल पुन्हा भरतो. आणि १८८१ मध्ये रात्री सलूनमध्ये चार माणसांची चकमक होते, त्यात सलग चाळीस बार उडतात. हे कितपत शक्य आहे? शिवाय भर रस्त्यात समोरासमोर उभं राहून 'ड्रॉ' करणं (पिस्तूल झटकन उपसून झाडणं), हे खरोखर घडायचं का?

---

पितळी पुंगळी

रानवाट, प्रत्येक चित्राआधी चित्रकाराला एकच गोष्ट विचारायला सांगा: हे हत्यार भरतात कुठून? पुढून, मागून, की बाजूच्या झडपेतून? उत्तर मिळालं की साल ठरतं, पट्ट्याला काय लटकेल ते ठरतं आणि चकमक किती वेळ टिकेल तेही ठरतं. (पुढे 'घोडा' म्हणजे बंदुकीचा घोडा, मागून आपटणारा. बोटाने ओढतात तो चाप.)

आधी १८६६. नायकाकडे बहुधा कोल्टचं १८५१ चं नेव्ही असेल (.३६ कॅलिबर, साडेसात इंची अष्टकोनी नळी) किंवा १८६० चं आर्मी (.४४, आठ इंची गोल नळी). तिसरा पर्याय रेमिंग्टनचं न्यू मॉडेल आर्मी, तेही .४४. तिन्ही ठासणीची रिव्हॉल्व्हर. धातूचं काडतूस मागून घालता येईल असं, आरपार भोकांचं सिलिंडर तेव्हा कोल्ट किंवा रेमिंग्टन बनवूच शकत नव्हते, कारण त्याचं पेटंट रोलिन व्हाइटने १८५५ मध्ये घेतलं होतं आणि हक्क स्मिथ अँड वेसनकडे होते. ते पेटंट १८६९ मध्ये संपलं. स्मिथ अँड वेसनची तेव्हाची रिव्हॉल्व्हर .२२ आणि .३२ अशी लहान होती. कोटाच्या खिशात लपवायला दुसरं हत्यार हवं असेल तर त्यांचं .३२ चं मॉडेल २ खुशाल दाखवा. मोठं पिस्तूल मात्र ठासणीचंच.

चित्रात कोल्ट आणि रेमिंग्टन लांबूनही वेगळी दिसली पाहिजेत. कोल्टच्या सिलिंडरवर काहीच नसतं, चौकट वरून उघडी. रेमिंग्टनला सिलिंडरवरून जाणारी लोखंडी पट्टी असते.

भरण्याची रीत अशी. घोडा अर्धा मागे ओढायचा, म्हणजे सिलिंडर मोकळं फिरतं. नळी वर धरून फ्लास्कच्या तोटीने कप्प्यात बंदुकीची दारू ओतायची: .३६ ला १५ ते २५ ग्रेन, .४४ ला २५ ते ३५ ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, तेव्हा .४४ च्या एका बाराला साधारण दोन ग्रॅम. वर शिशाची गोल गोळी. ती कप्प्यापेक्षा मुद्दाम किंचित मोठी असते. कप्पा फिरवून दांड्याखाली आणायचा आणि नळीखालचा लिव्हर दाबायचा. गोळी आत शिरताना कडेचं शिसं कातरलं जाऊन एक बारीक कडी बाहेर पडते. ती पडली म्हणजे गोळी घट्ट बसली. असं सहा वेळा. मग कप्प्यांच्या तोंडाला चरबी. सगळ्यात शेवटी मागच्या निपलांवर तांब्याच्या टोप्या (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या). टोप्या शेवटीच का, तर टोपी बसलेल्या कप्प्यात ठासताना बार उडाला तर गोळी सरळ हातावर येते.

निवांत बसून याला चार-पाच मिनिटं जातात. दारू आणि गोळी एकत्र बांधलेली कागदी काडतुसं सहा-सहाच्या पुडक्यांत मिळत. कागद बाराबरोबर जळून जाई. दारू मोजण्याचा वेळ वाचतो, पण ठासणं आणि टोप्या लावणं काही सुटत नाही.

आणि बिघडतं ते असं:

टोपी फुटल्यावर तिचे तुकडे घोड्याच्या फटीत पडतात आणि पुढच्या वेळी घोडा पुरता आपटत नाही, किंवा सिलिंडर अडकतं. म्हणून जाणता माणूस बार उडाला की नळी आभाळाकडे करून घोडा ओढतो, तुकडा मागे किंवा बाजूला गळून पडतो. हा एक हावभाव चित्रात आला तर जाणकार वाचक खूश होईल.

एका कप्प्याची आग शेजारच्या कप्प्यात शिरली तर दोन-तीन बार एकदम उडतात. याला साखळी-बार म्हणू. सैल बसलेली गोळी किंवा सैल टोपी ही त्याची कारणं. सिलिंडरच्या पुढे डावा हात धरलेला असेल तर त्याची बोटं जातात. त्यामुळे रिव्हॉल्व्हर दोन हातांनी धरायचं झालं तरी दुसरा हात मुठीवरच.

शिवाय काजळी. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन कणांच्या रूपात उरतो: थोडा धूर होऊन जातो, बाकीचा लोखंडावर चिकटतो. दोन-तीन सिलिंडर रिकामी झाली की मधली पिन जड होते आणि सिलिंडर बोटाने फिरवावं लागतं. रात्री गरम पाण्याने धुतलं नाही तर हे क्षार दमट हवा ओढून गंज आणतात.

म्हणजे तुमचा ओढ्याकाठचा प्रसंग आहे तसा टिकणार नाही. ओल्या हातांनी सुटी दारू ओतणं आणि चिमुकल्या टोप्या बसवणं, समोरून गोळ्या येत असताना कोणी करणार नाही. त्या सीमेवरच्या बुशव्हॅकर (गनिमी पद्धतीने लढणाऱ्या) घोडेस्वारांचा उपाय साधा होता: जास्त रिव्हॉल्व्हर. दोन पट्ट्यात, दोन खोगिराच्या पुढच्या होल्स्टरांत, काहींकडे त्याहूनही जास्त. एक संपलं की दुसरं काढायचं. तुमच्या प्रसंगात ताण हवा असेल तर तो "दुसरं पिस्तूल खोगिराच्या होल्स्टरात राहिलं" यात आहे.

पट्ट्यावर काडतुसांच्या रांगा १८६६ मध्ये नकोत. टोप्यांची चामडी डबी, फ्लास्क, गोळ्यांची पिशवी. होल्स्टर बहुधा लष्करी, वर झाकण असलेलं किंवा झाकण कापून टाकलेलं, कमरेवर उंच, आणि मूठ पुढे.

लांब बंदुकीत मात्र धातूची काडतुसं आली होती. हेन्री रायफलीत नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये १६ काडतुसं. ती पुढच्या टोकाकडून भरतात, आणि नळीखाली लाकूड नसतं, त्यामुळे भराभर बार काढले की डावा हात भाजतो. मॅगझिनच्या खालच्या फटीतून आतली दट्टी दर बारागणिक मागे सरकते. ती डाव्या हाताला अडली तर पुढचं काडतूस येत नाही. स्पेन्सर रायफलीच्या दस्त्यात सात काडतुसं बसतात, पण लिव्हर फिरवल्यावर घोडा अंगठ्याने वेगळा चढवावा लागतो. विंचेस्टर ही कंपनीच मुळी १८६६ मध्ये त्या नावाने उभी राहिली, म्हणून पहिल्या भागात हेन्रीच द्या.

---

रानवाट

पितळी पुंगळी, खूप आभार. पहिला भाग नव्याने लिहावा लागणार आणि तो जास्त चांगला होणार. १८८१ साठी लगेच विचारते: संवादात नायक म्हणतो, "एकच पट्टा, पिस्तुलालाही तोच आणि रायफलीलाही तोच." कोल्ट .४५ आणि विंचेस्टर. हे चालेल?

---

पितळी पुंगळी

रानवाटताई, वाक्य चालेल, .४५ चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने .४५ कोल्टसाठी रायफल बनवलीच नाही. त्या पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांडीची) मागची कड इतकी अरुंद होती की रिकामी पुंगळी बाहेर काढणाऱ्या रायफलीतल्या आकड्याला ती धरून ओढणं भरवशाचं नव्हतं. आज .४५ च्या लिव्हर रायफली मिळतात त्या अलीकडच्या.

एका पट्ट्याची खरी जोडी .४४-४० ची. विंचेस्टर १८७३ याच काडतुसाची, आणि कोल्टने आपलं १८७३ चं सिंगल ॲक्शन १८७८ पासून त्यात द्यायला सुरुवात केली. नळीवर 'फ्रंटियर सिक्स शूटर' असं नाव. १८८१ ला हे अगदी बसतं.

कोल्ट सिंगल ॲक्शन भरणं: घोडा अर्धा मागे, उजव्या बाजूची झडप उघडायची, एक काडतूस घालायचं, एक कप्पा सोडायचा, पुढचे चार भरायचे, घोडा पूर्ण मागे ओढून हलकेच खाली सोडायचा. घोडा बरोबर रिकाम्या कप्प्यावर येतो. असं का, तर या पिस्तुलात घोड्याचं टोकच काडतुसाच्या टिकलीवर (बुडाशी असलेल्या, आपटली की बार पेटवणाऱ्या ठिपक्यावर) टेकलेलं असतं. रिकिबीचा फटका बसला किंवा पिस्तूल खाली पडलं तर बार उडतो. म्हणून 'सिक्स शूटर'मध्ये वागवताना पाचच. सहावं काडतूस माणूस चकमक समोर दिसत असताना घालतो, आणि तो क्षण दाखवण्याजोगा आहे.

रिकामं करताना नळीच्या उजवीकडच्या दांड्याने एकेक पुंगळी मागे ढकलावी लागते. काढणं आणि भरणं मिळून सराव असलेल्या हातालाही अर्धं मिनिट तरी जातं. उलट स्मिथ अँड वेसन स्कोफिल्डची खिट्टी अंगठ्याने ओढून नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर, अर्थात त्यात न उडालेली काडतुसंही आली. स्कोफिल्डचं .४५ काडतूस कोल्टमध्ये जातं, कोल्टचं लांब .४५ मात्र स्कोफिल्डमध्ये मावत नाही. उसन्या काडतुसांचा एखादा प्रसंग हवा असेल तर या फरकावर बेतता येईल.

---

जुनी रीळ

सिनेमाच्या बाजूने भर घालतो, कारण चित्रकाराचे संदर्भ तिथूनच येत आहेत.

पडद्यावर १८७० च्या गोष्टीत दिसणारी रायफल पुष्कळदा १८९२ ची विंचेस्टर असते. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेनच्या हातात मोठ्या कडीची १८९२ आहे, आणि कथेत अपाची नेता जेरोनिमो अजून मोकळा फिरतो आहे. तो शरण आला १८८६ मध्ये. याचं कारण निष्काळजीपणा नव्हतं, गोदाम होतं. स्टुडिओंकडे १८९२ च्या बंदुका ढिगाने होत्या, दणकट होत्या, आणि 'फाइव्ह-इन-वन' नावाचं एकच कोरं (गोळी नसलेलं) काडतूस .३८-४० आणि .४४-४० च्या रायफली-रिव्हॉल्व्हरांत आणि .४५ च्या रिव्हॉल्व्हरात, अशा पाचांत चालायचं. सेटवर पाच पेट्यांऐवजी एक पेटी ठेवली की गोंधळ टळतो.

दोन्ही ओळखायच्या कशा: १८७३ च्या बाजूला वेगळी बसवलेली पाती दिसते, वर सरकणारं धूळझाकण असतं, आणि खालून पाहिलं तर काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा दिसतो. १८९२ ची पेटी एकसंध, गुळगुळीत, लहान, आणि मागे दोन्ही कडांना उभ्या कुलपांच्या रेषा. चित्रकाराने इंटरनेटवरून 'विंचेस्टर' शोधून पहिलं चित्र उचललं तर हीच चूक होईल.

कोल्टमध्येही खूण आहे. जुन्या चौकटीत सिलिंडरची पिन धरणारा स्क्रू समोरून तिरपा आत जातो. बाजूने दाबायची आडवी खिट्टी १८९० च्या दशकात आली. १८८१ च्या क्लोज-अपमध्ये आडवी खिट्टी काढू नका.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) ची गोष्ट १८६२ ची, पण त्यात १८५१ चं नेव्ही धातूच्या काडतुसांनी भरलं जातं आणि पट्ट्यांवर काडतुसांच्या रांगा आहेत. कोल्टच्या ठासणी रिव्हॉल्व्हरांची काडतुसांसाठी अशी फेरबांधणी १८७१ च्या सुमारास सुरू झाली. चित्रपट बनला तेव्हा इटलीत जुन्या कोल्टच्या नकला बनू लागल्या होत्या (उबेर्ती हा कारखाना १९५९ चा), आणि चित्रीकरणात कोरं काडतूस झटपट भरता येणं सोयीचं. चित्रपट म्हणून तो मला फार प्रिय आहे. संदर्भ म्हणून मात्र वापरू नये.

होल्स्टर: मांडीला बांधलेलं, पट्ट्यातल्या खाचेतून खाली लोंबणारं होल्स्टर ही सिनेमाची देणगी. १९५० च्या दशकात अर्वो ओजालाने होल्स्टरच्या आत धातूचं अस्तर घालायची युक्ती रूढ केली, म्हणजे पिस्तूल आत असतानाच घोडा चढवता येतो आणि सिलिंडर चामड्यात अडकत नाही. पडद्यावरचा झपाट्याचा 'ड्रॉ' त्यातून आला. १८८१ साठी 'मेक्सिकन लूप' काढा: होल्स्टरच्याच मागच्या पाळीत कापलेल्या कड्या, त्यातून पिशवी ओवलेली, पिस्तूल कमरेच्या उंचीवर आणि चामड्यात खोल बसलेलं. घोड्यावर दिवसभर धडपडून पिस्तूल पडू नये हा त्याचा हेतू. चटकन उपसणं ही फार पुढची गोष्ट.

आणखी एक, रायफलीचा लिव्हर. सिनेमात माणूस धमकी म्हणून 'खर्रऽ-खट्' करतो, दोन मिनिटांनी पुन्हा करतो. दुसऱ्या वेळी न उडालेलं काडतूस जमिनीवर पडायला हवं. ते पडताना दाखवा नाहीतर लिव्हर एकदाच हलवा.

---

काजळी

चकमकीबद्दल लिहिते. रानवाट, तुमच्या सलूनमध्ये चार माणसं आहेत. प्रत्येकी पाच काडतुसं धरली तर वीस बार होतात. चाळीसला सगळ्यांना मध्येच थांबून पुन्हा भरावं लागेल किंवा प्रत्येकाकडे दुसरं पिस्तूल लागेल. गणितच प्रसंगाची लांबी सांगतं.

आता त्यात धूर घाला. बिनधुराची दारू अमेरिकेच्या शिकारी रायफलींत आली ती १८९० च्या दशकात. १८८१ मध्ये सगळं काळ्या दारूवर. बंद खोलीत चौथ्या-पाचव्या बाराला पांढरा, गंधकाच्या वासाचा पडदा छातीच्या उंचीवर तरंगतो. नेम दिसणाऱ्या माणसावर राहत नाही, समोरच्या झगझगीत ज्वाळेवर राहतो. दाबाच्या धक्क्याने जवळचे दिवे विझू शकतात. रिव्हॉल्व्हरची आग नळीच्या तोंडाइतकीच सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतूनही दोन्ही बाजूंना फुटते, अंधारात ती स्पष्ट दिसते. चित्रकाराला हे पान काढायला आवडेल: धूर, आडव्या ठिणग्या, चेहरे नाहीत.

खऱ्या घटनांची मापं पाहा. टूम्बस्टोन, ॲरिझोना, २६ ऑक्टोबर १८८१, 'ओके कॉरल'च्या नावाने प्रसिद्ध झालेली चकमक, तुमच्याच सालातली. एका बाजूला अर्प भाऊ आणि त्यांचा साथी डॉक हॉलिडे, दुसऱ्या बाजूला क्लँटन आणि मॅक्लॉरी. सुमारे ३० सेकंदांत सुमारे ३० बार. सुरुवातीचं अंतर सहा ते दहा फूट. बिली क्लँटन, टॉम आणि फ्रँक मॅक्लॉरी मेले. व्हर्जिल आणि मॉर्गन अर्प जखमी. डॉक हॉलिडेच्या कमरेला गोळी चाटून गेली. आयक क्लँटन आणि बिली क्लेबोर्न पळाले. जागा ओके कॉरल नव्हतीच, फ्रिमाँट स्ट्रीटला लागून फ्लाय यांच्या फोटो स्टुडिओशेजारचं एक अरुंद मोकळं आवार. भांडणाचं निमित्त शहरात हत्यार बाळगायला बंदी करणारा नगरनियम. व्हर्जिल मार्शल होता, तो हत्यारं काढून घ्यायला गेला. डॉककडे कोटाखाली दुनळी बंदूक, आणि वायट अर्पचं पिस्तूल होल्स्टरात नव्हतं, ओव्हरकोटच्या खिशात होतं. तशी साक्ष त्याने स्वतः दिली. फ्रँक मॅक्लॉरी आणि बिली क्लँटनकडे .४४-४० ची कोल्ट होती, म्हणजे वर पितळी पुंगळींनी सांगितलेलीच.

जवळून झाडूनही चुकण्याचं उदाहरण डॉज सिटीचं. ५ एप्रिल १८७९, लाँग ब्रँच सलून, लेव्हाय रिचर्डसन आणि फ्रँक लव्हिंग. पिस्तुलं जवळपास एकमेकांना टेकतील इतक्या अंतरावरून दोघांनी बार काढले. रिचर्डसन मेला, लव्हिंगच्या हाताला नुसता ओरखडा. मला वाटतं तुमच्या सलूनच्या प्रसंगाला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

समोरासमोरचा 'ड्रॉ' घडला, पण विरळा. सर्वांना ठाऊक असलेला २१ जुलै १८६५ चा, स्प्रिंगफिल्ड, मिसुरी: वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट, घड्याळावरून पेटलेला वाद, अंतर सुमारे ७५ यार्ड. हिकॉककडे १८५१ चं नेव्ही. एवढ्या अंतरावर वेग उपयोगाचा नाही, शांत हात उपयोगाचा, आणि एकाच गोळीत टट पडला. तुमच्या पहिल्या भागाच्या वर्षभर आधीची, त्याच राज्यातली घटना आहे. पात्रं तिच्याबद्दल बोलू शकतात.

गोळी लागून माणूस मागे उडत नाही. .४५ कोल्टची गोळी साधारण १६.५ ग्रॅमची, काळ्या दारूवर वेग सेकंदाला २६० मीटरच्या आसपास. ७५ किलोच्या माणसाला त्यातून मिळणारा धक्का सेकंदाला सहा सेंटिमीटरच्या आतला. तो जागीच कोसळतो, बसतो, किंवा काही क्षण उभा राहून बार काढत राहतो. टूम्बस्टोनला बिली क्लँटनने छातीत आणि मनगटात गोळ्या लागल्यावर पिस्तूल दुसऱ्या हातात घेऊन झाडणं चालू ठेवलं होतं.

आणि तळहाताने घोडा फटकारत बार काढणं नायकाला देऊ नका. नेम तर जातोच, शिवाय सिलिंडर थांबवणाऱ्या खिट्टीवर आणि ते फिरवणाऱ्या पंजावर एवढा मार बसतो की सिलिंडर कप्पा ओलांडून पुढे जाऊ लागतं. आतली चापाची दुपाकळी पट्टी-स्प्रिंग तशीही या पिस्तुलाची सगळ्यात नाजूक जागा आहे. ती तुटली की पिस्तूल मुका लोखंडी तुकडा.

---

तांबडी वाट

इथेच विचारतो. या ग्राफिक नॉव्हेलचा तीन मिनिटांचा टीझर चित्रित करायचं ठरलं तर कोरी काडतुसं वापरावीत का? धूर आणि ज्वाळा खऱ्या दिसतात म्हणून.

---

जुनी रीळ

तीन मिनिटांच्या टीझरसाठी नको. नळी बुजवलेल्या, बार न उडणाऱ्या नकला घ्या. घोडेस्वारी आणि पडण्याच्या दृश्यांना रबरी. ज्वाळा संकलनात घाला, सेकंदाला चोवीस फ्रेम असतील तर दर बाराला एक, फार तर दोन फ्रेम. नळीची घालाल तेव्हा सिलिंडरच्या फटीचीही घाला. धूर मात्र सेटवरच सोडा, कारण माणसं त्यातून चालताना जो थर हलतो तो नंतर घालणं अवघड. प्रत्येक बारानंतर धूर थोडा वाढलेला दिसला पाहिजे, म्हणून शॉट्स क्रमाने घ्या. कोऱ्या काडतुसाला झटका जवळजवळ नसतो आणि बुजवलेल्या नकलेला अजिबात नाही, तेव्हा नटाला मनगट वर उसळू द्यायला शिकवावं लागतं: चाप ओढल्यानंतर, आधी नव्हे.

कोरं काडतूस निरुपद्रवी नसतं. जवळून त्याचा गरम वायू आणि डाट जीव घेतात. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्समचा मृत्यू कपाळाच्या कडेला टेकवलेल्या कोऱ्या बाराने झाला. १९९३ मध्ये ब्रँडन लीच्या बाबतीत आधीच्या एका दृश्यात खोट्या (दिसायला खऱ्या, पण दारू नसलेल्या) काडतुसाची गोळी टिकलीच्या जोराने नळीत जाऊन अडकली होती. नंतरच्या कोऱ्या बाराने ती बाहेर फेकली. म्हणजे दोन दृश्यांमध्ये नळीतून काठी घालून पाहणं राहिलं. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत वेस्टर्नच्या सेटवर कोल्टच्या नकलेत खरं काडतूस निघालं आणि छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स गेल्या.

क्लोज-अपमध्ये सिलिंडरात पुढून गोळ्यांची टोकं दिसतात, म्हणून कप्पे रिकामे ठेवून भागत नाही. तिथे खोटी काडतुसं लागतात. ती तीन खुणांनी तपासतात: टिकली काढलेली किंवा ठेचलेली, पुंगळीला बाजूने भोक, आणि आत छर्रा, जो कानाशी हलवला की खुळखुळतो. ही तपासणी हत्यारं सांभाळणारा माणूस नटाच्या आणि कॅमेऱ्यामागच्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक काडतूस हातात घेऊन करतो. खुळखुळलं नाही तर ते काडतूस सेटबाहेर जातं.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सलूनमध्ये बार अकरावर आणले, दोन पिस्तुलं रिकामी, एक अडकलेलं, आणि शेवटचं पान पूर्ण धुराचं. नायकाचं कोल्ट आता .४४-४० आणि कमरेवर उंच. एक शेवटचं: चित्रकार काही पॅनेल मांडणीसाठी आडवी उलटवतो, म्हणजे डावं-उजवं बदलतं. त्याने काही बिघडेल?

---

पितळी पुंगळी

बिघडेल. कोल्टची भरायची झडप आणि बाहेरचा दांडा नेहमी उजवीकडे. विंचेस्टर १८७३ चं भरायचं दारही उजवीकडे. उलटवलं की सगळं डावीकडे जातं.

बिली द किड या कुख्यात बंदूकबाजाचा जो उभा फोटो प्रसिद्ध आहे, तो पत्र्यावरचा टिनटाइप, आणि टिनटाइप आरशासारखा उलटा उतरतो. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, त्यावरून तो डावखुरा होता असं लोक कित्येक वर्षं धरून चालले. पण त्याच फोटोत हातात विंचेस्टर १८७३ कार्बाइन आहे आणि तिचं भरायचं दार डावीकडे दिसतं. तशी कार्बाइन बनलीच नव्हती, म्हणजे फोटो उलटा. चित्रकाराला सांगा, बंदुका आणि पट्टे वेगळ्या लेयरवर काढा. पॅनेल उलटवलं की तेवढा लेयर पुन्हा काढायचा.